तांत्रिक भाषा

१९६१ च्या डिसेंबरात एका सकाळी आमच्या काच कारखान्याच्या पक्षसमितीने ठराव केला की, सोविएत संघ हा आता आपला मित्र राहिलेला नसून खरं पाहता तो कधी मित्र नव्हताच; आणि याची नोंद सर्व कामगारांनी दुपारच्या जेवणापूर्वी घ्यावी. ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्याकडे सगळेच ठराव एकमताने मंजूर होत, कारण दुसरं मत ठेवायला कुणाच्याच घरात जागा नव्हती.

नोंद घेणं तसं सोपं गेलं. खानावळीतल्या 'रशियन कोशिंबिरी'चं नाव जेवणाची घंटा व्हायच्या आत 'डोंगरी कोशिंबीर' झालं. बटाटे तेच राहिले. कारखान्यासमोरच्या 'अल्बेनिया-सोविएत मैत्री मार्गा'च्या पाटीवरचा मधला शब्द पुसण्यात आला. रंगाऱ्याने विचारलं, "इथे मोकळी जागा राहते, काय लिहू?" पक्षाचे सचिव कॉम्रेड रेशात म्हणाले, "राहू दे. बोलणी चालू आहेत."

अडचण आली ती झिनाइदाची.

झिनाइदा रशियातल्या सारातोवची. आमच्या गावचा थानास लेनिनग्राडला भट्ट्यांचं शास्त्र शिकायला गेला आणि पदवीबरोबर तिला घेऊन आला. तेव्हा चौकात बँड लावला होता. रेशात भाषणात म्हणाले होते, "हा नुसता विवाह नव्हे, ही दोन महान पक्षांची सोयरीक आहे." पुढे झिनाइदा शाळेत रशियन शिकवू लागली. कारखान्यातला प्रत्येक इंजिनिअर, फोरमन, झालंच तर कोठाराचा रखवालदारसुद्धा, तिच्याकडून छड्या खात ती भाषा शिकला होता. आता सोयरीक मोडली होती आणि लग्न मात्र चालूच होतं. हे समितीच्या मते शिस्तीला धरून नव्हतं.

रशियन तज्ज्ञ उन्हाळ्यातच निघून गेले होते. जाताना नकाशे नेले, भट्टीची मापं नेली, पुढच्या कामाची मांडणी ज्या डोक्यात होती ते डोकंही नेलं. मागे राहिलेल्या मालाबद्दल राजधानी तिरानाहून स्पष्ट सूचना होत्या: यंत्रं वापरावीत, पुस्तकं बांधून ठेवावीत. बायकोबद्दल सूचना नव्हती. म्हणून झिनाइदा यंत्रांत मोडते की पुस्तकांत, यावर समितीने गंभीर चर्चा केली. ती बोलते, सबब ती पुस्तकांत मोडते, असं ठरलं.

तिची शाळा सुटली. बाटल्या धुण्याच्या विभागात तिला उभं केलं. रशियन बोलायला बंदी आली. कारखान्यात, रस्त्यावर आणि घरातसुद्धा. बाकीच्यांकडून, म्हणजे ज्यांना ती भाषा येत होती त्या सगळ्यांकडून, आपण ती विसरलो आहोत असं लिहून घेण्यात आलं. थानासनेही लिहून दिलं. त्याच्याकडून आणखी एक अपेक्षा होती, आणि ती सांगायला रेशात स्वतः त्याच्या घरी गेले.

दार थानासच्या आईने उघडलं. उरानी म्हणजे जुनं खोड. सचिवांचे वडील खेचरं हाकायचे, ते तिच्या डोळ्यांसमोरचं, त्यामुळे तिला रेशातची भीती कधी शिकताच आली नव्हती.

"ये रे बाळा. कॉफी घेतोस?"

"काकू, कामाचं बोलायचंय. पक्षाला वाटतं की थानासने स्वेच्छेने घटस्फोट घ्यावा."

"स्वेच्छेने म्हणजे कधीपर्यंत?"

"महिनाअखेर."

उरानीने कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं आणि परत फडताळात ठेवून दिलं. "हे बघ रेशात. ही बाई चार वर्षं माझ्या चुलीवर बीटाचं लालभडक पाणी उकळवतेय. माझ्या लेकाला तिने पायमोजे घालून झोपायची सवय लावली. तिला शिव्या देण्याचा हक्क कुणाचा असेल तर तो माझा. सून माझी आहे. सरकारला शिव्या द्यायच्या असतील तर सरकारने स्वतःची सून शोधावी."

रेशातनी विषय बदलला. कोपऱ्यात थानासची लेक खेळत होती. "हिचं नाव वेरा ना? हे रशियन नाव आहे."

"काहीतरीच! वेरा म्हणजे आपला उन्हाळा. शुद्ध अल्बेनियन. उन्हाळ्यात झाली म्हणून वेरा."

"काकू, ती जानेवारीत झाली. मी बारशाला होतो."

"त्या साली लवकर आला होता," उरानी म्हणाली.

थानास दाराआड उभा राहून सगळं ऐकत होता. तो भित्रा माणूस होता, हे गावाला माहीत होतं आणि त्यालाही. पण त्या दिवशी तो बाहेर आला आणि एवढंच बोलला, "मी नाही सोडणार." मग त्याला घाम फुटला आणि तो खाली बसला. समितीने नोंद केली की, भट्टीप्रमुख थानास यांची विचारसरणी ओली आहे.

ओल्या विचारसरणीपर्यंत ठीक होतं. पण भट्टीही ओली होती.

भट्टी रशियन तज्ज्ञ निघून जाण्याच्या गडबडीत आणि पुढे आमच्या पावसात बांधून झाली होती. पेटवायची कशी हे सांगणारं कुणी नव्हतं. तेवढ्यात बोलणी यशस्वी झाली. वसंतात पाटीवरच्या मोकळ्या जागेत 'चीन' हा शब्द आला. दोन अक्षरांचाच असल्यामुळे जागा उरली, तिथे एक तारा काढला. आणि मागोमाग चिनी तज्ज्ञ आले.

मुख्य तज्ज्ञ होते इंजिनिअर फान: किरकोळ बांधा, जाड चष्मा, सरळ वळणाचा माणूस. स्वागताला सगळा कारखाना भट्टीच्या शेडमध्ये जमला. बँड होता, तिरानाचे फोटोवाले होते. समारंभात भट्टी पूर्ण जोराने पेटवून नव्या मैत्रीची ऊब जगाला दाखवायची, असा कार्यक्रम होता. दुभाषा तेवढा नव्हता. चिनी येणारे दोघे-तिघे अख्ख्या देशात होते, आणि ते अर्थातच जास्त महत्त्वाच्या लोकांचं बोलणं समजून घेण्यात गुंतले होते.

फान यांनी भट्टीला चक्कर मारली. विटांना हात लावला, तो हात नाकाशी नेला. मग ते चौथऱ्यावर चढले आणि अतिशय काळजीच्या सुरात बोलू लागले. रशियनमध्ये.

ते सोविएत संघातल्या खारकोवला शिकले होते. इथला भट्टीप्रमुख लेनिनग्राडला शिकलेला, ते खारकोवला. तेव्हा एकमेकांना कळेल अशी जगात एकच भाषा आहे, असा त्यांनी साधा हिशेब केला. ते म्हणत होते, "भिंती ओल्या आहेत. एकदम जाळ देऊ नका. आठवडाभर मंद आच द्या, नाहीतर घुमट खाली बसेल."

तीसेक माणसांना शब्दन् शब्द कळला होता आणि तीसही जणांनी कळत नसल्याचं लिहून दिलं होतं. थानास भट्टीच्या विटा मोजू लागला. फोरमन छताकडे पाहू लागला. रखवालदाराने मिशी चावली.

फान यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. मग तिसऱ्यांदा सांगितलं, हातांनी घुमट कोसळून दाखवत. शेवटी विचारलं, "कळलं का?"

सगळ्या सभेने ठामपणे मान खालीवर हलवली. आमच्याकडे मान खालीवर हलवली की 'नाही', आडवी हलवली की 'हो'. जगात इतरत्र हे उलट आहे म्हणतात. जगाचं काय, ते बरंच काही उलट करतं. फान यांना हायसं वाटलं. ते हसून खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला, रेशातनी इशारा केला आणि भट्टी पूर्ण जोराने पेटली.

घुमट दुसऱ्या दिवशी दुपारी खाली बसला. माणूस कुणी दगावला नाही; बँडमधला तुतारीवाला सराव करत जवळ उभा होता, त्याच्या भुवया तेवढ्या गेल्या.

चौकशी लगेच सुरू झाली, त्याच शेडमध्ये, राखेच्या वासात. फान यांनी आपण इशारा दिला होता हे हातवारे करून, चित्र काढून आणि एकदा कपाळावर हात मारून सांगितलं. रेशात उभे राहिले.

"मित्रदेशाच्या तज्ज्ञांनी इशारा दिला होता. ज्याला तो कळला आणि ज्याने तो दडवला, त्याने घातपात केला आहे. कुणाला कळला होता?"

फोरमन पुन्हा छताकडे पाहू लागला.

"म्हणजे कुणालाच कळला नाही? मग भट्टी भट्टीप्रमुखाच्या अज्ञानामुळे बसली. हाही घातपातच. काय थानास? कळलं होतं की नव्हतं?"

थानास उभा राहिला. कळलं होतं म्हणावं तर तुरुंग, नव्हतं म्हणावं तरीही तुरुंग. फरक होता तो फक्त कलमाचा. दाराशी दोन गणवेशवाले येऊन उभे राहिले होते.

"मला कळलं होतं," मागून आवाज आला.

बाटल्यांच्या विभागातून झिनाइदा आली होती. हात कोपरापर्यंत ओले, डोक्याला फडकं. ती सरळ चालत पुढे आली.

"त्याला कसं कळेल?" ती म्हणाली. "तो भाषा विसरलाय. तुमच्याच हुकमाने विसरलाय, तुमच्याकडे लिहून दिलंय. सगळेच विसरलेत. माझ्याकडून तेवढं लिहून घ्यायचं राहिलं, कारण आईची भाषा विसरता येते का, यावर तुमचं एकमत झालं नाही."

"मग तू बोलली का नाहीस?" रेशात गरजले.

"मला बंदी आहे."

"बंदी रशियन बोलायला आहे, बाई! अल्बेनियनमध्ये सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, तुला समजलं कसं? तेव्हा मी काय म्हणणार होते? पक्षाच्या सूचनेप्रमाणे मी ऐकणंही थांबवलंय?"

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यात लपलं. एवढ्यात फान पुढे झाले. त्यांनी झिनाइदाकडे पाहून हळूच रशियनमध्ये विचारलं, "तुम्ही बोलता? देवा! मला वाटलं मी वेड्यांच्या गावात आलो."

"काय म्हणाले?" रेशातनी विचारलं.

झिनाइदाने ओले हात पुसले. "म्हणाले, लोक फार उत्साही आहेत."

संध्याकाळच्या आत तिरानाहून फोन आला: भट्टी कधी सुरू होतेय? रेशातनी रात्र न पडू देता मार्ग काढला. झिनाइदाची दुभाषा म्हणून नेमणूक झाली. ती जी बोलेल ती भाषा रशियन नसून 'तांत्रिक भाषा' समजली जाईल; ती सकाळी आठ ते दुपारी चार, कारखान्याच्या फाटकाच्या आत बोलता येईल. फाटकाबाहेर तीच भाषा पूर्ववत शत्रूची राहील. थानासची चौकशी 'तूर्त' थांबली. आमच्याकडे माणसं तूर्तच जगत.

भट्टी पुन्हा बांधली. मंद आच दिली. काच आली, हिरवट होती, पण आली. झिनाइदा आठ वाजता फाटकातून आत शिरायची आणि तोंड उघडायची, चारला बाहेर पडताना मिटायची. तांत्रिक कामाखेरीज तिला सभाही असत. रेशात तासन्‌तास मॉस्कोच्या नेत्यांना शिव्या घालत आणि झिनाइदा त्या मॉस्कोच्याच भाषेत फान यांना सांगे. फान उलट शिव्या घालत, त्या ती अल्बेनियनमध्ये आणी. एकदा तिने रेशातना मध्येच थांबवलं.

"कॉम्रेड सचिव, 'दगाबाज कोल्हा' म्हणालात. नर की मादी? तांत्रिक भाषेत ते सांगावं लागतं."

रेशातनी वही काढून टिपून घेतलं. "समितीला विचारून कळवतो."

ती शिव्या इतक्या जीव ओतून अनुवादित करे की तिचं कौतुक झालं. तिरानाच्या पाहुण्यांसमोर रेशात म्हणाले, "मॉस्कोबद्दलचा असा अस्सल संताप मी कुणात पाहिला नाही." तिचा संताप अस्सलच होता. तो कुणावर होता, हे समितीने विचारलं नाही.

कामाच्या मधल्या वेळात ती आणि फान भट्टीशी बसून डोंगरी चहा पीत. बोलणं होई ते काळ्या पावाचं, खारकोवच्या ट्रामचं, गोठलेल्या नदीवर मासे धरणाऱ्या म्हाताऱ्यांचं. दोघांनाही एकाच देशाची आठवण येई आणि तो देश दोघांचाही शत्रू होता. फान व्याकरणात चुकत. ती छडी नसल्याने चमच्याने टेबलावर ठोकी.

पुढे तांत्रिक भाषेची गरज वाढली. तरुण कामगारांसाठी वर्ग निघाला. बांधून ठेवलेली पुस्तकं सोडवण्यात आली आणि त्यांच्यावर नवं वेष्टन चढलं. झिनाइदा पुन्हा शिकवू लागली. तेच धडे, त्याच छड्या. उदाहरण घालून देण्यासाठी रेशातनीही वर्गात नाव घातलं. परीक्षेत ते पहिले आले, कारण त्यांचा नंबर दुसरा लावण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांना पेकिंगहून पदक आलं. झिनाइदालाही आलं, जरा लहान.

अशी सोळा-सतरा वर्षं गेली. मग १९७८ मध्ये समितीने ठराव केला की, चीन हा आता आपला मित्र राहिलेला नसून खरं पाहता तोही कधी मित्र नव्हताच.

फान आता पांढरे झाले होते. त्यांना न्यायला गाडी फाटकाबाहेर उभी होती. निरोपाला जायला मनाई होती. झिनाइदा गेली. चार वाजून गेले होते, रस्ता भरलेला होता, लोक संध्याकाळच्या फेरफटक्याला निघाले होते.

फान अल्बेनियनमध्ये चाचरत म्हणाले, "सुखी राहा." तेवढंच त्यांना येत होतं.

झिनाइदा भर रस्त्यात, मोठ्याने, रशियनमध्ये बोलली. "असं नाही. नीट बोला. शेवटचं नीट बोला."

फान यांनी चष्मा काढला. "घरी गेल्यावर मी कुणाशी बोलू, झिनाइदा? मला ही भाषा येत नाही, असं मीसुद्धा तिकडे लिहून दिलंय."

"मग गाडीत बसेपर्यंत बोला."

ते गाडीत बसेपर्यंत बोलले. कुणी थांबवलं नाही, कारण थांबवणाऱ्याला काय बोलताहेत ते कळत होतं, आणि ज्याला कळत होतं त्याच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

आठवड्याने सभा भरली. झिनाइदावर आरोप होता की ती पेकिंगची हेर आहे आणि मॉस्कोचीही. उरानी तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेली. तिला खुर्चीत बसवून आणलं होतं. ती म्हणाली, "रेशात, ते दोघं एकमेकांच्या उरावर बसलेत ना? मग ही एकटी दोघांची चाकरी कशी करेल?"

"यातच तिची हुशारी आहे, काकू," रेशात म्हणाले आणि मतदान घेतलं. एकमत झालं. थानासलाही हात वर करायला सांगितलं गेलं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसून राहिला. भित्र्या माणसाने त्याहून मोठं काही केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्यालाही तिच्याबरोबर पाठवलं, मागोमाग वेरालाही. दलदलीच्या प्रदेशातल्या एका शेतावर, चर खणायला. उरानी त्याच हिवाळ्यात गेली. थानास तिसऱ्या वर्षी तापाने गेला. डॉक्टरला येण्यासाठी परवानगी लागत होती आणि परवानगी निरोगी होती, तिला घाई नव्हती.

थानास गेला त्या वर्षी शेजारच्या झोपडीत नवा कैदी आला. रेशात. तिराना नवी चाळणी लावत होतं आणि तिच्यात असं सापडलं होतं की, पेकिंगचं पदक याच्याकडे, मॉस्कोच्या भाषेत पहिला नंबरही याचाच. ते फावडं धरून चरात उभे राहिले. एक दिवस म्हणाले, "झिनाइदा, माझं काय चुकलं? मी तर प्रत्येक ठरावाला हात वर केला."

"म्हणूनच सापडलात," झिनाइदा म्हणाली. "वर केलेला हात लांबून दिसतो."

रेशात तिथेच वारले. त्यांची कबर तिनेच खणली. चर खणून हात बसला होता.

मग राजवट पडली. पुतळे पाडले, ते ओढून नेले तेही आम्हीच, एकमताने. कारखाना बंद पडला. गावात नवी समिती आली, छळ झालेल्यांना तसं प्रमाणपत्र देणारी. झिनाइदा परत आली होती, वेराने आग्रह केला म्हणून त्या समितीकडे गेली. टेबलापलीकडची मुलगी नम्र होती. तिने विचारलं, "आजी, तुमचा छळ मॉस्कोच्या बाजूच्या म्हणून झाला की पेकिंगच्या? दोन वेगळे विभाग आहेत."

"मी नुसती सांगत होते," झिनाइदा म्हणाली. "एकाचं दुसऱ्याला."

"तसा विभाग नाही, आजी. कुठली तरी बाजू असेलच ना. तेवढी सांगा, मी लगेच काढून देते."

झिनाइदा उठली, मुलीच्या गालाला हात लावला आणि घरी गेली. प्रमाणपत्र तिला शेवटपर्यंत मिळालं नाही. समितीच्या दृष्टीने तिचा छळ झालेला नाही.

ही हकीकत मी अनेकांना सांगितली आहे. बहुतेक लोक भट्टी बसते तिथे हसतात, थानास जातो तिथे जीभ चुकचुकतात. आणि शेवटी, उठायच्या आधी, मला जरा बाजूला घेऊन आवाज खाली आणून विचारतात, "ते सगळं झालं हो. पण खरं सांगा, आतून ती नक्की कुणाची होती?"

तुम्हालाही हेच विचारावंसं वाटत असेल, तर संकोच करू नका. समितीवर एक जागा रिकामी आहे.